मोटरीचा दुपारचा आराम

दमकाकांचे डोळे पांढरे झाले ते स्पंज बघून. जखम त्यांनी बघितलीच नव्हती. हॉस्पिटलच्या ड्रेसिंगच्या खोलीत ते पाठ फिरवून, भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे बघत उभे होते. पण मागून कात्रीचा आवाज आला, काहीतरी मऊ कापल्याचा, आणि जन्मभर हातानं काम केलेल्या माणसाला असल्या आवाजाकडे मागे न वळणं जमत नाही. वळून बघतात तो ड्रेसिंगवाली सिस्टर काळ्या फोमचा तुकडा कापत होती, आणि कापलेला तुकडा काकूंच्या पायात बसवत होती. पायावर नव्हे, पायात.

"अहो सिस्टर, हे आत काय कोंबताय?"

"स्पंज आहे, काका. घाबरू नका, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा असतो."

न घाबरायला काय झालं? बाजारात एक टेम्पो मागे येता येता काकूंच्या डाव्या पावलावरून गेला, त्याला आठवडा झाला होता. पावलावरची कातडी मोज्यासारखी सोलून निघाली होती. डॉक्टरांनी दोनदा भूल देऊन जखम साफ केली, दोनदा तिच्यात पुन्हा पू धरला. शिवायला कातडी नाही आणि झाकावं तर खाली कुजायची भीती, असा तो घोळ होता. आणि आता त्या उघड्या मांसात ही मुलगी गादीतला फोम भरत होती.

सिस्टरनं फोमवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं, पाऊल कडेकडेनं दाबून हवाबंद केलं, प्लास्टिकला मध्ये एक भोक पाडून त्यावर नळी बसवली. नळीचं दुसरं टोक जेवणाच्या डब्याएवढ्या एका मशीनला होतं. तिनं बटण दाबलं. मशीन घुंऽऽ करायला लागलं, आणि एवढा फुगलेला तो फोम बघता बघता आक्रसून मनुकेसारखा झाला. काकूंनी पलंगाची कड घट्ट धरली. नळीतून लालसर पाणी सरकत जाऊन मशीनच्या डब्यात पडलं, आणि दमकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. बायको जिवंत होती, शुद्धीवर होती, आणि तिला पंप लावला होता.

मग सर्जनबाई आल्या. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या ते सरळ बोलल्या. "हे मशीन आतला पू आणि पाणी ओढून घेत राहील. जखमेच्या कडा जवळ येतील, रक्त खेळतं राहील. तळातून नवं मांस भरून आलं की वर मांडीची कातडी लावू. पाऊल वाचवायचं तर सध्या हाच रस्ता आहे."

"आणि नाही भरून आलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर काही भाग काढावा लागेल."

काकू शाळांचे गणवेश शिवत. पायानं चालवायच्या मशीनवर, घरच्या खिडकीपाशी, लग्न झाल्यापासून. दमकाकांनी कितीदा तरी त्या शिलाई मशीनला मोटर बसवून द्यायची तयारी दाखवली होती. घरात मोटरींचा ढीग आणि बायको पाय मारतेय, हे त्यांना चारचौघांत लाजिरवाणं वाटे. काकू म्हणत, "नको ती तुमची मोटर. ती तिच्या चालीनं चालणार, माझा पाय माझ्या चालीनं चालतो." तो पाय आता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता.

आता दमकाकांना दमकाका का म्हणत, ते सांगायला हवं. त्यावाचून पुढचं कळायचं नाही. त्यांचं गल्लीच्या तोंडाशी मोटर वायंडिंगचं दुकान होतं. पाण्याच्या पंपाची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही मोटर जळली की लोक ती त्यांच्याकडे आणत. ते ती उघडत, आतली काळी पडलेली तांब्याची तार खरवडून काढत, नवी भरत, वर वॉर्निश चढवत आणि परत देताना गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवत, "फार वेळ चालवली की तिला जरा दम खाऊ द्या." दुकानातल्या दुकानात ठीक होतं, पण हा माणूस लग्नाला गेला तरी मांडवातल्या पंख्याला दम खाऊ द्या म्हणून सांगायचा. लोकांनी त्यांचं नाव दमकाका ठेवलं, आणि काकांनीही ते मिरवलं.

मोटर कशानं मरते, याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ती उष्णतेनं मरते, आणि माणसाच्या हावेनं. मोटरीवर कंपनी पत्रा ठोकते, ही अखंड चालेल म्हणून. आणि त्याच पत्र्याच्या मोटरी जळून कोळसा होऊन त्यांच्या दुकानात येतात. पत्र्यावरच्या अक्षरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते मोटरीच्या अंगावर तळहात ठेवत, जरा वेळ डोळे मिटत, आणि किती वेळ चालेल ते सांगत.

मशीन घेऊन काकू घरी आल्या. ड्रेसिंग बदलायला सिस्टर घरीच येणार होती. पहिल्या दिवशी तिनं सगळं समजावलं, डबा कसा बदलायचा, नळी दुमडली तर काय करायचं, मशीन ओरडलं तर कुणाला फोन करायचा. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "आणि हे सतत चालू राहिलं पाहिजे हं काका. बंद नाही करायचं."

काकांनी मान हलवली. असली वाक्यं त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. का बंद करायचं नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. तिला पुढच्या घरी जायचं होतं, आणि यांना वाटलं, कंपनीचा पत्रा बोलतोय.

तरी दोन दिवस त्यांनी मशीनला बोट लावलं नाही. दुकान अर्धा दिवस उघडत, बाकी वेळ पलंगापाशी स्टूल टाकून बसत. मशीन घुंऽऽ करत राही. काकूंना झोप अशी लागत नव्हती. डोळे मिटून पडलेल्या असत आणि उशीचा कोपरा मुठीत धरलेला असे. तिसऱ्या दुपारी, जेवणं झाल्यावर, काकांनी सहज मशीनवर हात ठेवला.

गरम होतं. चटका बसण्यासारखं नाही, पण होतं. ही मोटर आत कुठंतरी, करंगळीएवढी, दिवस न् रात्र ओढतेय. ही जळली तर? हिचं पाऊल या मोटरीवर टांगलेलं आहे. दुकानात जळलेल्या मोटरी त्यांच्या डोळ्यांपुढे ओळीनं आल्या, तो जळका वास नाकात आला. त्यांनी बटण दाबून धरलं. मशीन एकदा टुण्णकन वाजलं आणि गप्प झालं.

"बंद का केलंत?" काकूंनी डोळे उघडले.

"दम खाऊ दे तिला जरा. तापलीय."

काकू काही बोलल्या नाहीत. प्लास्टिकखालचा फोम हळूहळू सैल पडून फुगला. काकांना वाटलं, पायालाही बरं वाटलेलं दिसतंय. आणि खरंच, काकूंच्या मुठीतून उशी सुटली, चेहरा उतरला होता तो निवळला, आणि त्या झोपल्या. काका बायकोकडे बघत बसले. मशीन गार झालं तसं त्यांनी ते पुन्हा चालू केलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, जुना फोम काढला, आणि तिचा चेहरा उजळला. "काका, बघा तरी! कसलं लाल, छान मांस धरलंय!" काकांनी धीर करून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या पायाचं आतलं रूप बघितलं, आणि अंगावर काटा आला, पण मनातल्या मनात मूठभर मांसही चढलं. कोणामुळे? आराम दिला म्हणून. सिस्टरला ते बोलले नाहीत. लोकांना आपल्या कामातलं शहाणपण शिकवायला गेलं की राग येतो, हे त्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून मशीनची विश्रांती वाढली. आधी जेवणानंतर थोडी, मग दुपारच्या चहापर्यंत, आणि शेवटच्या दोन दिवसांत तर दिवेलागणीपर्यंत. काकूंची झोप चांगली होऊ लागली, मशीन गार राहू लागलं. दुकानात गिऱ्हाइकांना ते सांगत, "हॉस्पिटलचं मशीन, पण मोटर ती मोटरच. सांभाळावी लागते." एवढं समाधान त्यांच्या तोंडावर कोणी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला सिस्टरला उशीर झाला, एक दिवस मध्ये गेला. काकूंना त्या दिवशी कसकसत होतं. खोलीत एक वास येत होता, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा. काकांनी खिडकी उघडली, फरशी पुसली, उंदीर मेलाय का म्हणून कपाटामागे बॅटरी मारून बघितलं.

सिस्टर आली ती दारातच थांबली. तिनं खोलीचा वास घेतला आणि हातातली पिशवी ठेवता ठेवता तिच्या हालचाली भरभर व्हायला लागल्या. हातमोजे चढवले, प्लास्टिकची कड उचलली. खालून पाणी आलं. नळीतून यायला हवं ते पाणी फोमच्या भोवती डबक्यासारखं साचलेलं होतं, राखाडी, दाट. ते चादरीवर पसरलं आणि तो वास, उंदराचा नव्हता तो, अख्ख्या खोलीत भरला. तिनं फोम काढला. चार दिवसांपूर्वी जे लाल होतं ते काळंनिळं झालं होतं आणि बोटांकडचा भाग नुसता मेणासारखा दिसत होता.

सिस्टरनं वळून मशीनच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मशीन बंद पडलं होतं का?"

"लाईट जायची गं मध्ये मध्ये," काकू चटकन म्हणाल्या.

"काकू, याला बॅटरी आहे. लाईट गेली तरी चालतं."

काकांना कळेना, ही खोटं का बोलतेय. लाईट एकदाही गेली नव्हती. आपल्या कामाचं श्रेय लाईटीला जातंय असं त्यांना वाटलं की काय, देव जाणे, पण ते पुढे सरसावले आणि चक्क अभिमानानं म्हणाले, "लाईट कशाला जातेय? मी बंद करायचो. रोज दुपारी. तापायची ना ती. दम खाऊ द्यायचो म्हणून तर एवढे दिवस टिकली."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या हातात तो घाण फोम तसाच होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती.

"किती वेळ, काका?"

"जेवणं झाली की... दिवे लागेपर्यंत."

"काका," ती म्हणाली, आणि एवढ्या हळू म्हणाली की काकांना वाकावं लागलं, "वरून प्लास्टिकनं हवाबंद केलेलं आहे. आत ओला स्पंज आहे. ओढणारं मशीन बंद झालं की घाण जाणार कुठं? ती आतच मुरते. मशीन बंद ठेवायचंच झालं तर सगळं सोडवून साधी पट्टी करायची असते. हे असं झाकून ठेवणं म्हणजे..." पुढे तिनं काही म्हटलं नाही. ती फोन लावायला बाहेर गेली.

दमकाका उभ्या जागी उभे राहिले. माणसाला धक्का बसला की तो रडतो, ओरडतो असं आपण समजतो. तसलं काही झालं नाही. त्यांनी मशीनवर हात ठेवला. सवयीनं. ते गार होतं, अगदी हवं तसं गार, आणि त्या गारव्यानं त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मोटर कशानं मरते ते त्यांना पाठ होतं. माणूस कशानं मरतो ते कोणाला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हॉस्पिटलात सर्जनबाईंनी पाऊल बघितलं, बोटं दाबून बघितली, आणि ऑपरेशनची खोली तयार करायला सांगितली. काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "कुठवर काढावं लागेल ते आत गेल्यावर कळेल. टाच वाचवायचा प्रयत्न करते." बाईंना सिस्टरनं सगळं सांगितलेलं होतं. त्या दोष देत नव्हत्या, आणि ते काकांना सोसवत नव्हतं.

काकूंना आत न्यायच्या आधी ढकलगाडी पॅसेजमध्ये थोडी थांबली. काका दांडीला धरून उभे होते.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "सिस्टरला लाईटीचं सांगितलंस ते?"

"तिचं तोंड बघून कळलं, काहीतरी चुकलंय. तुमचं नाव येऊ नये एवढंच सुचलं."

"पण बंद करायचं नाही म्हणाली होती, ते तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

काकू वरच्या दिव्याकडे बघत होत्या. "मोटरीचं तुम्हांला कळतं. आजवर मोटरीच्या बाबतीत मी कधी तोंड घातलंय का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि खरं सांगू का? ते चालू असलं की फार ओढायचं हो. आतून कोणी चिमटीत धरल्यासारखं. तुम्ही बंद केलंत की सुटल्यासारखं वाटायचं. मी रोज वाट बघायची, जेवणं कधी होतात."

रोज दुपारी शेजारी स्टुलावर बसून काका बायकोचा निवलेला चेहरा बघत होते, आणि मोटरीला आराम पडला म्हणून खूश होत होते. दुखतंय का, हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मशीनवर किती वेळा हात ठेवला, तिच्या कपाळावर एकदाही नाही.

"दुखतं म्हणून सिस्टरला सांगायचंस. औषध दिलं असतं तिनं."

"तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून बसला असतात. आधीच अर्धं बंद होतं." वॉर्डबॉय आला, गाडी हलली. काकूंनी मान वळवून म्हटलं, "आता बसवा हो ती तुमची मोटर, शिलाई मशीनला. इतकी वर्षं मागे लागला होता ना."

त्या हसल्या. वॉर्डबॉयही हसला, त्याला काय कळणार. काका हसले नाहीत. दार बंद झालं तरी त्यांचा हात दांडी धरल्यासारखा हवेतच राहिला होता.

टाच वाचली. पावलाचा पुढचा अर्धा भाग गेला, पाचही बोटांसकट. सर्जनबाई म्हणाल्या, काठी घेऊन चालता येईल, आतून भरलेला बूट करून घेऊ. उरलेल्या जखमेवर पुन्हा तोच काळा फोम, तेच प्लास्टिक, तीच नळी लागली. या खेपेला वेदनेच्या गोळ्याही सोबत आल्या. घरी सोडताना सिस्टरनं मशीन काकांच्या हातात दिलं नाही. तिनं ते काकूंच्या हातात दिलं, आणि काकांना वाटलं, बरोबर केलं.

त्यानंतरचे दमकाका ज्यांनी पाहिले ते सांगतात की माणूस ओळखू येत नव्हता. दुकानाला कुलूप. पलंगापाशी स्टूल. हात मांडीखाली दाबून धरलेले, चुकून बटणाकडे जाऊ नयेत म्हणून. मशीनचा घुंऽऽ त्यांनी इतका ऐकला की त्यात जराशी चिरचिर आली तरी ते ताडकन उठायचे आणि सिस्टरला फोन लावायचे. सिस्टर बिचारी जेवताजेवता फोन घ्यायची. एकदा ती म्हणाली, "काका, तुम्ही झोपत तरी जा." काका म्हणाले, "ती झोपत नाही, मग मी कसा झोपू?" ती म्हणजे मोटर की काकू, ते सिस्टरनं विचारलं नाही. दर थोड्या वेळानं मात्र ते काकूंना विचारायचे, "दुखतंय का?" आणि काकू वैतागून म्हणायच्या, "तुमच्या विचारण्यानं दुखतंय."

मधल्या काळात दुकानासमोर एक गिरणीवाला येऊन गेला. त्याची मोटर पुन्हा जळली होती. घरी येऊन थट्टेनं म्हणाला, "दमकाका, दम खाऊ दिला नाही हो मी, माझंच चुकलं." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा न घेताच गेला. ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी कोणी ऐकलं नाही. शिलाई मशीनला त्यांनी मोटर बसवली, गुडघ्यानं दाबायची, आणि काकूंनी ती चालवून बघितली. "धावते फार," एवढंच त्या म्हणाल्या, आणि शिलाई मशीन पुन्हा कापडानं झाकून ठेवलं.

जखम भरली. सावकाश, पण तळापासून वर, सर्जनबाई म्हणाल्या होत्या तशीच. एका सकाळी सिस्टर आली, फोम काढला, आणि लाल, दाणेदार मांसावर बोट फिरवून म्हणाली, "झालं, काकू. आता याची गरज नाही. साधी पट्टी, आणि पुढच्या आठवड्यात कातडी." तिनं नळी मशीनपासून वेगळी केली आणि बटण दाबून धरलं. मशीन एकदा टुण्णकन वाजलं आणि गप्प झालं.

खोलीत एकदम शांतता झाली. काका स्टुलावरून उठले ते धडपडतच. तोंड पांढरंफटक पडलं होतं. सिस्टरला काही कळायच्या आत त्यांनी मशीन ओढून घेतलं आणि बटण दाबलं. मशीन चालू झालं. त्याला नळी नव्हती, फोम नव्हता, पाय नव्हता. ते नुसती खोलीतली हवा ओढत होतं आणि गळती आहे, गळती आहे म्हणून ओरडत होतं.

"काका, अहो, झालंय आता," सिस्टर म्हणाली. "बघा, भरलीय जखम. बंद करायला हवं."

काकांना ऐकू येत होतं. सिस्टर म्हणत होती ते कळतही होतं. पण हात मशीनवरून निघत नव्हता.

सिस्टर बटणाकडे हात न्यायला लागली तशी काकूंनी तिचं मनगट धरलं. "असू दे गं," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ चालू दे."

सिस्टरनं नुसतं त्याचं ओरडणं बंद केलं आणि ती पट्टी बांधायला बसली. काका मशीन मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. ते तापायला लागलं होतं, आणि त्यांनी हात काढला नाही.